दमाने घ्यावे
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आम्ही जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेले साधे शाळामास्तर. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या शाळांत मुले शिकविण्यात आमचे आयुष्य गेले. विद्वानांच्या या व्यासपीठावर आम्हांस उभे करून कार्यवाहांनी आमचा गौरव केला, त्याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो. विषय कोणता घ्यावा असे त्यांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘मास्तर, काहीही बोला, पण लोकांना वेळ नाही, आटोपते घ्या.’ त्यांच्या या उत्तरातच आम्हांस आजचा विषय सापडला.

आपल्या कृष्णाकाठी एक फार सुंदर शब्द आहे. बैलगाडी उतारास लागली, पोर विहिरीच्या पायऱ्या धावत उतरू लागले, किंवा दोन भाऊ बांधावरून हमरीतुमरीवर आले, की वडीलधारे माणूस म्हणते, ‘दमानं घे रे!’ दम म्हणजे श्वास. हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि आपल्या मातीत रुजला. सावकाश वागणे म्हणजे श्वासाला धरून वागणे, हे तत्त्वज्ञान आपल्या अशिक्षित म्हणविणाऱ्या आजोबांनी एका शब्दात साठवून ठेविले आहे. शब्द आपल्या जिभेवर राहिला; त्यातला अर्थ मात्र निसटत चालला आहे.

आज आपली घरे पाहा. मुलगा पहाटेच उठून पुण्याच्या गाडीसाठी धावतो. सांगलीच्या पेठेत हळदीचे सौदे चालू असताना व्यापाऱ्याच्या एका कानाला फोन आणि दुसऱ्या कानाला हमाल. उसाचा हंगाम आला, की तोड कधी मिळते या काळजीने शेतकऱ्याचा घास घशाखाली उतरत नाही. मुलांना शाळा, शाळेनंतर शिकवणी, शिकवणीनंतर पुन्हा हातात फोन. एका ताटाभोवती बसलेली चार माणसे चार ठिकाणी असतात.

पूर्वी सारे सुखाचे होते, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. मोट हाकणे आणि जात्यावर दळणे ही हाडे झिजविणारी कामे होती. ती गेली हे बरेच झाले. परंतु त्या कामांच्या पोटातच विसाव्याच्या जागा होत्या. धावेवरून बैल मागे सरत येईपर्यंत मोटकऱ्यास उसंत मिळे. जात्यावरची बाई ओवी गाई, तेव्हा ओवीच्या लांबीबरोबर तिचा श्वासही लांबत असे. तिन्हीसांजेला दिवा लागला, की घटकाभर घर शांत होई. आता यंत्रांनी कष्ट हलके केले, पण जाताना ते कष्ट आपल्याबरोबर त्या विसाव्याच्या जागाही घेऊन गेले. पूर्वी उसंत आपोआप मिळे. आता ती जाणूनबुजून घ्यावी लागेल. आमचे सांगणे एवढेच आहे.

ही गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांचे नाव आपण सारे जाणता. त्यांच्या संस्थानातली गावे आजच्या सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत विखुरलेली होती; सातारकडचे औंध त्यांचेच आणि सांगलीकडची आटपाडीही त्यांचीच. राजा असूनही हा पुरुष रोज नेमाने सूर्यनमस्कार घाली, आणि आपल्या शाळांतून मुलामुलींकडून ते घालवून घेई. नमस्कार म्हणजे नुसते वाकणे आणि उठणे नव्हे. अंगाच्या हालचालीला श्वासाची आणि मंत्रोच्चाराची जोड मिळाली, तरच तो नमस्कार. विशेष हे, की याच राजाच्या मुलखात १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि माळावर कारखान्याचे भोंगे वाजू लागले. उद्योग आणि श्वास यांचे वैर नाही, याला दुसरा पुरावा कशाला हवा?

मिरजेचे उदाहरण घ्या. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी मिरजेस घर केले, आणि १९३७ साली देह ठेवल्यावर तिथल्याच दर्ग्याच्या आवारात ते विसावले. त्यांच्या स्मरणार्थ तेथे आजही संगीतसभा भरते. त्यांचे गाणे ऐकताना एक स्वर किती सावकाश उलगडता येतो हे ध्यानी येते. गवई ताना मारायला मागाहून शिकतो; आधी त्याला एक स्वर लांब धरावयास शिकावे लागते, आणि त्यासाठी श्वास ताब्यात असावा लागतो. तोच नियम गायकाप्रमाणे गृहस्थालाही लागू नाही काय?

या विद्येला प्रयोगशाळेत नेण्याचे काम स्वामी कुवलयानंद यांनी केले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. आसने व प्राणायाम यांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे यंत्रे लावून मोजून पाहावे, असा त्यांचा आग्रह होता.

आता थोडे गणित. मास्तराची खोड जात नाही. मोठे माणूस स्वस्थ बसले असता मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेते. मिनिटाला १५ धरले, तर दिवसरात्र मिळून २१,६०० होतात. आणि आपल्या जुन्या योगग्रंथांतूनही नेमका हाच आकडा दिलेला आहे. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद पडतात, सोडताना किंचित मंद होतात. मेंदूपासून हृदय व पोट यांकडे उतरणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू हे मंदावण्याचे काम करतो. म्हणून उच्छ्वास लांबविला, की शरीराला ‘संकट टळले’ अशी खूण पटते. २००१ साली इटलीतील पाव्हिया येथील संशोधकांनी एक मजेची गोष्ट दाखवून दिली. ख्रिस्ती लोक जपमाळेवर लॅटिन प्रार्थना म्हणोत, किंवा कोणी ‘ॐ मणिपद्मे हुम्’ हा मंत्र जपो, दोहोंतही श्वास मिनिटाला सुमारे ६ वर येतो आणि हृदयाची लय सुधारते. धर्म निराळे, भाषा निराळ्या. श्वास मात्र एकच.

कृती अगदी सोपी आहे. पाठ ताठ पण सैल ठेवून बसावे. खुर्ची, घोंगडी, एस.टी.चा बाक, काहीही चालेल. डोळे मिटावे. नाकाने श्वास घ्यावा. पोट हलकेच पुढे येऊ द्यावे. मनात चारपर्यंत मोजत घ्यावा आणि सहापर्यंत मोजत सोडावा. मन हळदीच्या भावाकडे पळाले, तर त्याच्यावर रागावू नये. गुरे फिरवून आणावीत तसे त्याला फिरवून आणावे. सुरुवातीस पाच मिनिटे पुष्कळ झाली. आम्ही वर्गात परीक्षेपूर्वी मुलांना असे दहा श्वास मोजावयास लावीत असू. त्याने न केलेला अभ्यास आठवत नसे. पण केलेला अभ्यास भीतीने पळून जात नसे.

येथे सावधगिरीची सूचना देणे आमचे कर्तव्य आहे. श्वास कोंडून धरणे, म्हणजे कुंभक, पुस्तक वाचून करू नये. रक्तदाब, हृदयविकार, दमा असणाऱ्यांनी व गरोदर भगिनींनी वैद्याला विचारावे. चक्कर आली तर थांबावे. औषधाच्या जागी श्वास नव्हे, औषधाच्या जोडीला श्वास. कर्जाचा हप्ता आणि पावसाची ओढ श्वास मोजून जात नाहीत. त्यांना तोंड देणारे डोके मात्र थंड राहते.

आणि आता जे सांगण्यासाठी मुख्यतः उभे राहिलो, ते सांगतो. आपल्या घरात सर्वांत जास्त धाप कोणाला लागते? पुरुष म्हणतील, आम्हांला. पण पहाटे डबे भरणारी, दिवसभर शेतात वा कचेरीत राबणारी आणि रात्री शेवटी जेवणारी जी घरची बाई आहे, तिला पाच मिनिटे डोळे मिटून बसा म्हणणे, ही थट्टा होईल. तेवढ्यात चुलीवरचे दूध उतू जाईल. तेव्हा ज्या घरात पुरुष डोळे मिटून प्राणायाम करतो आणि बाई त्याचा चहा घेऊन उभी राहते, त्या घरात शांती आली असे आम्ही मानणार नाही. दूध कोणीतरी पाहावे आणि तिला बसू द्यावे. थकलेल्या माणसाच्या घाईतून शब्द तुटतो; तुटलेला शब्द प्रथम लेकराला लागतो. पाठीवरचा वळ जातो, शब्दाचा जात नाही, हे आम्ही वर्गातल्या मुलांच्या चेहऱ्यांवर वाचलेले आहे.

म्हणून या मंडळापुढे आमची नम्र सूचना अशी, की प्रत्येक कुटुंबाने दिवेलागणीची पाच मिनिटे पुन्हा आपली करावीत. फोन फळीवर, गॅस बंद, आणि आजीपासून नातवापर्यंत सारी एका सतरंजीवर. कोणी देवाचे नाव घ्यावे, कोणी नुसता श्वास मोजावा. यास वर्गणी लागत नाही, पावतीही फाडावी लागत नाही.

 कार्यवाहांनी दिलेली वेळ थोडी ओलांडली गेली. पण दमाने घेण्याविषयी घाईघाईने बोलणे आम्हांस साधले नाही, हे ते समजून घेतील.