भात झोडून झाल्यावर दिंडी



दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून मंडळाने आम्हाला चार शब्द बोलायला उभं केलं आहे. आम्ही चौथी शिकलेले. कीर्तनात दोन तास उभे राहू, पण भाषण म्हटलं की पाय लटपटतात. म्हणून भाषण नाही, एका प्रश्नाचं उत्तर तेवढं देतो. तरुण पोरं दोन-तीन वर्षं विचारतात, "बुवा, सगळा महाराष्ट्र आषाढीला पंढरीला चालतो. आपली दिंडी कार्तिकातच आळंदीला का? आता कुठे राहिली शेती?"

प्रश्न खोटा नाही. पण त्याचं उत्तर खारेपाटात आहे.

घाटावर पाऊस पडला की पेरतात. आपल्याकडे पहिला पाऊस पेरायचा नसतोच, तो मीठ धुवायचा असतो. वैशाखात जमीन भेगाळते, वर पांढरा खार फुटतो. मग ७-८ जूनला मृग लागतो. पहिल्या मोठ्या पावसात वलगण चढते, मासे उलट्या पाण्याने शेतात शिरतात. आम्ही माळकरी, मासा खात नाही, पण वलगण चढली की पाऊस खरा आला हे कळतं. पंचांग चुकेल, ती चुकत नाही. मग पाणी शेतात कोंडायचं, खार त्यात उतरू द्यायचा, आणि ओहोटी लागली की उघाडीतून खाडीला सोडायचं. भरती यायच्या आत उघाडी बंद. दिवसाला दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते. आमच्या वडिलांकडे घड्याळ नव्हतं. तिथी विचारली की भरती सांगायचे. ज्याची पाळी असेल तो रात्री दोनला कंदील घेऊन बांधावर.

असं दोन-तीनदा धुतल्यावर मोड आलेलं बी चिखलात फेकायचं. त्याला रहू म्हणतात. आमच्या लहानपणी बी राताचं, लाल तांदूळ, खार सोसणारा. पुढे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या 'पनवेल' नावाच्या जाती आल्या. पेज मात्र राताचीच, असं आमचं मत आहे.

आता आषाढी बघा. २०२३ ला ती २९ जूनला होती, २०२४ ला १७ जुलैला. अधिक महिन्यामुळे ती पुढेमागे होते, पण कशीही आली तरी आर्द्रा ते पुष्य एवढ्यातच. म्हणजे नेमकं रहू पडलेलं, कोवळं भात, वरून पाऊस आणि समोरून उधाण. बांध एकट्याचा नसतो, माऊली. एका घराचा माणूस हलला, तिथे खांड पडली, तर खारं पाणी सगळ्या गावाच्या शेतात जातं आणि ती जमीन पुढची दोन-तीन वर्षं नीट पिकत नाही. म्हणून आपल्या जुन्या माणसांनी आषाढीला हात बांधावरूनच जोडले. सावता महाराज मळा सोडून पंढरीला गेले नाहीत असं परंपरा सांगते. आमची तेवढी योग्यता नाही, पण उघाडी सोडून आम्हालाही जाता येत नव्हतं.

श्रावण-भादव्यात भात आपलं आपण वाढतं. हस्ताच्या पावसात जीव टांगलेला असतो, कारण भात तेव्हा लोंबीला येतं. दिवाळीत कापणी, मग झोडणी. आणि दिवाळीनंतर तीन-साडेतीन आठवड्यांनी कार्तिक वद्य एकादशी. पनवेल, खोपोली, बोरघाट, लोणावळा, देहू करत आळंदी. तिथी शेताला जुळली, म्हणून दिंडी कार्तिकाची. तिथी कुणासाठी थांबत नाही, म्हणून रिवाज असा होता की ज्याचं भात मागे राहिलं त्याच्या खळ्यावर सगळी दिंडी जायची. टाळकरी, मृदंगी, विणेकरी, सगळे पेंढ्या झोडायला. भात घरात पडलं की दुसऱ्या दिवशी प्रस्थान.

मग जमिनी गेल्या. १९८४ च्या जानेवारीत जमिनीसाठी गोळ्या झेलल्या, पाच जण हुतात्मा झाले, ते आपण विसरलो नाही. १९८९ ला बंदर सुरू झालं. शेतं कमी झाली तसा खळ्यावर जायचा रिवाजही गळाला. कुणी बंद केला नाही. कामावरची रजा मोजकी, एवढंच.

२००९ ची गोष्ट सांगितली पाहिजे. ती पुस्तकात छापावी असं आम्हीच मंडळाला म्हटलं. आपल्यातल्या एका टाळकऱ्याचं भात कापून शेतात पडलेलं होतं. तो म्हणाला, दोन दिवस द्या. आम्ही म्हणालो, एकादशी गाठायची आहे, आल्यावर बघू. विणा आमच्या गळ्यात होता, शब्द आमचा. तो बिचारा टाळ घेऊन निघाला. ११ नोव्हेंबरला आम्ही देहूला आणि इकडे किनाऱ्यावर फयान वादळ. नोव्हेंबरात असा पाऊस आम्ही पाहिला नव्हता. परत आलो तेव्हा पेंढ्यांना मोड फुटले होते, खाली पाणी. त्याच्या घरचं वर्षाचं खाणं ते. तो काही बोलला नाही. त्याची बायको दारात उभी होती. म्हणाली, "बुवा, एकादशी थांबत नाय, ठावं हाय. पन आदल्या दिशी चार मानसा झोडाला आली असती त?"

आम्ही कीर्तनात हजार वेळा दया, क्षमा, शांती सांगितली असेल. त्या दिवशी तोंडातून शब्द निघाला नाही. आमच्या घरच्या कणगीतून दोन पोती दिली, त्याने काय भरपाई होते? पुढच्या वर्षीपासून त्याने पेरणं सोडलं.

पोरांनो, तुम्हाला आषाढीला जायचं असेल तर खुशाल दुसऱ्या दिंडीत चाला, पंढरीची वाट कुणाची अडत नाही. पण आजही आपल्यातली सात घरं पेरतात. वरून अटल सेतूच्या गाड्यांचा आवाज येतो आणि खाली ती माणसं उघाडीची फळी उचलतात. त्यातलं शेवटचं घर जेव्हा पेरणं थांबवेल तेव्हा तिथी बदलायचं बोलू.

या वर्षी दसऱ्याला सातही घरांत जाऊन कापणी कधी ते विचारून घेऊ. यार्डात पाळीवर असाल त्यांनी आपापली सुट्टी आम्हाला कळवा. जुने विळे देवळाच्या माळ्यावर आहेत, गंजलेत, धार आम्ही लावून ठेवतो.

राम कृष्ण हरी.