तिकीट परवडत नाही, तेव्हा घरी कोण राहतं?

(कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर, थोडा संक्षेप करून)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय वाचून दोघी-तिघींनी मला सकाळीच गाठलं. "पाण्याचा प्रश्न आहे, रेशनचा आहे, घरकामगारांच्या नोंदणीचा आहे, आणि तू क्रिकेटच्या तिकिटांवर काय बोलणार?" त्यांचा राग मला समजतो. क्रिकेट म्हटलं की आपल्यापैकी अनेकींच्या डोळ्यांसमोर टीव्ही अडवून बसलेली पुरुषमंडळी येतात आणि त्यांना चहा-भजी पुरवणाऱ्या आपण. मला बोलायचंय ते या चित्राबद्दलच.

कारण सामना बाईही बघते. फक्त ती तुकड्यातुकड्यांनी बघते. एक षटक बघितलं की कुकरची शिट्टी होते, विकेट पडते तेव्हा ती कणीक मळत असते, आणि शेवटच्या षटकात पोराला झोपवत असते. "काय झालं रे?" असं आतून ओरडून विचारायचं आणि बाहेरून जेवढं उत्तर येईल तेवढ्यावर भागवायचं. कित्येक बायकांनी वर्षानुवर्षं क्रिकेट असं कानांनी पाहिलेलं आहे. मैदानावर मात्र चार तास तिच्याकडे कोणी पाणी मागू शकत नाही. ती खुर्चीवर बसते, समोर बघते, ओरडते, शिट्टी मारते. कष्टकरी बाईच्या आयुष्यात सलग चार तासांची अशी मोकळीक दुसरी कुठे आहे, सांगा बरं? लग्नाला गेली तरी ती वाढपात असते, माहेरी गेली तरी वहिनीला हात लावते.

या खुर्चीला आज किती पैसे पडतात? चेन्नईच्या चेपॉक मैदानावर मार्च २०२५ मध्ये आयपीएलचा चेन्नई-मुंबई सामना झाला. त्याचं सगळ्यात स्वस्त तिकीट १,७०० रुपये होतं आणि महागडं ७,५०० रुपये. नवराबायको आणि दोन मुलं धरली तर स्वस्तातले स्वस्त ६,८०० रुपये. आपल्या मुंबईत एका घरच्या धुण्याभांड्याचे महिन्याला जेवढे मिळतात, त्याच्या आसपास हे एक तिकीट जातं. त्यावर कराचं ओझं. आयपीएलच्या तिकिटावर आधी २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. म्हणजे १,००० रुपयांचं तिकीट १,२८० ला पडायचं ते १,४०० ला पडू लागलं. सरकारी यादीत आयपीएल आता कसिनो आणि घोड्यांच्या शर्यतींच्या रांगेत बसलंय. याच कायद्यात दुसरं एक कलम मात्र आपल्या कामाचं आहे. मान्यताप्राप्त क्रीडास्पर्धांच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला कर नाही, त्याच्या वर १८ टक्के. म्हणजे सामान्य माणसाचं तिकीट पाचशेच्या आत असावं, एवढं सरकारलाही कागदावर मान्य आहे. हा पाचशेचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता घरातलं गणित. चार तिकिटं परवडत नाहीत, दोन परवडतात. ती दोन कोणाची? बापाची आणि मुलाची. याला फारशी चर्चाही लागत नाही. "तो क्रिकेट खेळतो ना," असं म्हटलं की संपलं. मुलगी खेळत असली तरी रात्री कुठे घेऊन फिरणार तिला? आणि आई म्हणते, "जा तुम्ही, मला काय कळतंय त्यातलं." तिला सगळं कळतं. पण घरातली तंगी स्वतःच्या वाट्यातून भागवायची तिची सवय जुनी आहे. मासा कमी पडला तर शेपटीचा तुकडा ती स्वतःला घेते, तसंच हे. म्हणून मी म्हणते की भाव सगळ्यांना सारखा वाढत असला तरी तो सगळ्यांना सारखा लागत नाही.

शिवाय बाईचा खर्च तिकिटावर थांबत नाही. संध्याकाळी साडेसातला सुरू झालेला सामना अकराच्या पुढे संपतो. पुरुष लोकलला लटकून विरारला जातो. बाई आधी हिशेब करते: स्टेशनपासून घरापर्यंत रिक्षा मिळेल का, मिळाली तर त्या वेळी किती मागेल, शेजारीण मुलांना तोवर बघेल का, सकाळी सहाचं पाणी कोण भरेल. बहुतेक स्टेडियममध्ये पिशवी नेता येत नाही, घरचा डबा नाही, पाण्याची बाटली नाही. पिशवी नको हा नियम करणाऱ्याने लहान मूल घेऊन कधी बाहेर पाय ठेवलेला नसणार! दुपटं, औषध, पॅड हे सगळं खिशात कसं ठेवायचं? आणि आपल्या कपड्यांना खिसे तरी कुठे असतात? मग आत जाऊन चढ्या भावाने पाणी आणि वडे घ्यायचे. तिकीट स्वस्त मिळालेल्या बाईचीही इथे दमछाक होते.

पैसे असले तरी तिकीट मिळतंच असं नाही. तुमच्यापैकी किती जणींना माहीत आहे की वानखेडे स्टेडियमचा जन्मच तिकिटांच्या भांडणातून झाला? ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. तिथल्या सामन्यांची तिकिटं कोणाला किती, यावरून क्लब आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांचं फाटलं, आणि संघटनेने थोड्याच अंतरावर स्वतःचं स्टेडियम उभारलं. १९७५ च्या जानेवारीत तिथे पहिली कसोटी झाली. पण हे भांडण एका दिवाणखान्याचं दुसऱ्या दिवाणखान्याशी होतं, चाळीतल्या माणसाला त्यात कोणी विचारलं नव्हतं. त्याचं फळ २०११ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला दिसलं. वानखेडेवर जागा ३३ हजारांच्या आसपास, आणि सर्वसामान्यांना विक्रीसाठी ठेवलेली तिकिटं फक्त चार हजार. बाकीची मोठा वाटा संलग्न क्लबांना आणि मग आंतरराष्ट्रीय परिषदेला. या क्लबांचे सभासद कोण असतात? तिकीट क्लबातून सभासदाकडे, सभासदाकडून मित्राकडे, मित्राकडून साहेबाकडे जातं. ही सगळी वाट पुरुषांच्या हातांतून जाते.

"बायकांना खेळ बघायचाच नसतो" असं यावर सांगितलं जातं. याचं उत्तर मी स्वतः पाहिलेलं आहे. ११ डिसेंबर २०२२, नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. भारत-ऑस्ट्रेलिया महिलांचा टी-ट्वेंटी सामना होता आणि प्रवेश मोफत. आमच्या वस्तीतल्या अकरा जणी आणि त्यांच्या मुली असे आम्ही हार्बरच्या गाडीने गेलो. वाटलं होतं, चारशे-पाचशे माणसं असतील. बघतो तर स्टेडियमबाहेर रांगाच रांगा! त्या दिवशी चाळीस हजारांवर लोक आत होते. दोन्ही संघांच्या १८७ धावा झाल्या, सुपर ओव्हर झाली आणि आपल्या मुली जिंकल्या. आमच्यातल्या एक मावशी, वय साठीच्या पुढे, धुण्याभांड्याची कामं करून घर चालवलेल्या, खुर्चीवर उभ्या राहून ओरडत होत्या. परतताना गाडीत त्या मला म्हणाल्या, "ताई, एवढ्या मोठ्यानं मी भांडणातसुद्धा कधी ओरडले नव्हते."

पुढे मार्च २०२३ मध्ये महिलांच्या प्रीमियर लीगचा पहिला हंगाम मुंबई-नवी मुंबईत झाला. बायका आणि मुलींना प्रवेश फुकट, पुरुषांना तिकीट शंभर रुपयांपासून. तेव्हाही बायका आल्या. २०२५ च्या महिला विश्वचषकाची तिकिटं शंभर रुपयांपासून ठेवली, आणि २ नोव्हेंबरला भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं तेव्हा तेच नेरूळचं स्टेडियम भरलेलं होतं. दार उघडलं की बायका येतात, हे तीनदा सिद्ध झालं.

विश्वचषकाची एक गोष्ट मात्र मला खटकली. तिकीट शंभराचं, पण पहिले काही दिवस ते गूगल पे वापरणाऱ्यांसाठीच राखून ठेवलं होतं. फोन कोणाच्या हातात असतो? खातं कोणाच्या नंबरला जोडलेलं असतं? मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या. म्हणजे शंभर रुपये बाईच्या डब्यात असले तरी खुर्ची मागायला तिला घरातल्या पुरुषाकडेच जावं लागलं. पूर्वी खिडकीवर रांग होती, तिथे निदान स्वतःच्या पायांवर उभं राहता येत होतं.

फुकट प्रवेशाबद्दल आपल्यातच दोन मतं आहेत, आणि ती मोकळेपणाने बोलायला हवीत. काही खेळाडू मुली म्हणतात, पुरुषांचा खेळ विकत आणि आमचा फुकट, म्हणजे आमच्या खेळाला किंमत नाही का? त्यांचं म्हणणं मला पटतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये नियामक मंडळाने सामन्याचं मानधन पुरुषांइतकंच जाहीर केलं, एकदिवसीय सामन्याला सहा लाख, टी-ट्वेंटीला तीन. मग तिकिटाला का लाजायचं? पण मला भीती उलटी आहे. विश्वचषक जिंकला. आता बाजाराला या मुलींची किंमत कळली आहे, आणि त्यांच्या सामन्यांचे दरही चढतील. ज्या मावश्या त्या रात्री खुर्चीवर उभ्या राहिल्या त्या तेव्हा बाहेर राहतील आणि खेळ "नावारूपाला आला" असं आपल्याला सांगितलं जाईल.

दुसरा प्रकार दानाचा. एप्रिल २०२३ मध्ये वानखेडेवर मुंबई-कोलकाता सामन्याला एकोणीस हजार मुलींना स्वयंसेवी संस्थांमार्फत आणलं होतं, आणि मुंबईच्या पुरुष संघाने त्या दिवशी महिला संघाचा पोशाख घातला होता. मुलींचा दिवस मजेत गेला, याला मी नावं ठेवणार नाही. पण त्या पाहुण्या होत्या. पुढच्या सामन्याला त्यातल्या किती जणी स्वतःच्या पैशांनी येऊ शकल्या असत्या?

"खर्च भागत नाही, म्हणून दर वाढवतो" हेही आपण ऐकतो. आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. एवढ्या रकमेपुढे वरच्या मजल्यावरच्या स्टँडचे पाचशे रुपये म्हणजे काय? उलट टीव्हीवर सामना रंगतदार दिसतो तो भरलेल्या स्टँडमुळे. आपण ओरडतो ते त्यांच्या मालात जमा होतं, आणि त्याचे पैसे आपणच द्यायचे! शिवाय वानखेडेची जमीन सरकारची, संघटनेला भाडेपट्ट्याने दिलेली. २०२३ साली राज्य सरकारने सामन्यांच्या पोलीस बंदोबस्ताचं शुल्क बरंच कमी केलं, तेही २०११ पर्यंत मागे जाऊन. त्यावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. ही सवलत आपल्या पैशांतून गेली. तिकिटाचा दर त्याने किती उतरला, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

विचारून काही होतं का? होतं. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या फुटबॉल क्लबने नव्या स्टँडचं सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचं करायचं ठरवलं. ६ फेब्रुवारी २०१६ ला सामना चालू असताना बरोबर ७७ व्या मिनिटाला सुमारे दहा हजार प्रेक्षक उठून बाहेर गेले. चार-पाच दिवसांत मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. त्याच वर्षी तिथल्या प्रीमियर लीगने पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांसाठी तिकिटाची कमाल मर्यादा ३० पौंड ठरवली. ते लोक संघटित होते, दर वर्षी तिथे बसत होते, म्हणून त्यांचं उठून जाणं दिसलं. आपण आत बसलेल्याच नाही, त्यामुळे आपल्याला उठून जाता येणार नाही. आपल्याला आत जायचंच मागावं लागेल.

कोणाकडे मागायचं, हे नीट समजून घ्या, नाहीतर मोर्चा भलत्याच दारात जाईल. आंतरराष्ट्रीय सामन्याचे दर यजमान राज्य संघटना ठरवते, आयपीएलचे दर त्या त्या संघाचे मालक ठरवतात, आणि जमीन व बंदोबस्त सरकारच्या हातात आहे. आम्ही मसुद्यात चार मागण्या घातल्या आहेत. सरकारी जमिनीवरच्या प्रत्येक स्टेडियममध्ये दर सामन्याला एक स्टँड पाचशेच्या आत. त्यातला ठरावीक भाग रोख पैसे घेऊन खिडकीवर विकायचा, तोही कामाच्या वेळेनंतर आणि बाईला स्वतःच्या नावावर. मूल बरोबर असलेल्या बाईला पिशवी आणि घरचा डबा नेऊ द्यायचा, आत प्यायचं पाणी फुकट. आणि सामना सुटल्यावर स्टेशनपर्यंत बस. चेन्नईत तिकीट दाखवून मेट्रोने मोफत जाता येण्याची सोय झाली होती, मग आपल्याकडे का होऊ नये?

मोफत प्रवेशाचा आग्रह मी यात मुद्दाम घातलेला नाही. जून २०२५ मध्ये बंगळूरला विजयोत्सवाच्या वेळी, प्रवेश कोणाला आणि कसा याचा गोंधळ होऊन स्टेडियमबाहेर अकरा माणसं चेंगरून मेली. फुकट म्हणून गर्दी बोलवायची आणि दारांची व्यवस्था करायची नाही, हे आपल्याला नको. स्वस्त, क्रमांक असलेली, आपल्या नावाची खुर्ची हवी.

मसुद्याच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर आहेत. सही करताना वस्तीचं नाव जरूर लिहा, म्हणजे कुठून किती बायका येऊ इच्छितात ते त्यांना दाखवता येईल. चौथ्या मागणीत ठाणे-कल्याणच्या मैत्रिणींनी काल रात्रीच्या बैठकीत दुरुस्ती सुचवली आहे, ती समासात लिहिलेली आहे. ती वाचून मग सही करा. विरोध असेल तर तोही लिहा. पुढच्या महिन्यात संघटनेच्या कार्यालयात जाऊ तेव्हा किमान वीस जणी हव्यात, आणि ज्या स्टेडियममध्ये कधीच गेलेल्या नाहीत त्या आधी.