हिशेबनीस मंत्री

(हिंगोली येथे ग्रामपंचायत पदाधिकारी, शिक्षक व अधिकारी यांच्यापुढे केलेले भाषण)



हिशेब हा रूक्ष विषय आहे व तो कारकुनाने पाहावा, असे मानण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. म्हणूनच श्री. सुरेश प्रभू यांच्या कारकीर्दीकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. व्यवसायाने सनदी लेखापाल आणि सारस्वत सहकारी बँकेचे अध्यक्ष राहिलेले हे गृहस्थ १९९६ मध्ये राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर गेले. पुढे वीज आणि रेल्वे ही दोन अवाढव्य खाती त्यांच्याकडे आली.

सप्टेंबर २००० च्या अखेरीस ते केंद्रीय वीजमंत्री झाले. विजेचा प्रश्न म्हणजे नवी केंद्रे उभारण्याचा प्रश्न, अशीच तेव्हा सर्वसाधारण समजूत होती. आपल्या राज्यात तर दाभोळचे केंद्र उभे राहूनही त्याची वीज परवडेना. मे २००१ मध्ये राज्य वीज मंडळाने ती घेणे थांबविले. प्रभूंनी प्रश्न दुसऱ्या टोकाने मांडला. तयार झालेली वीज किती मोजली जाते, मोजलेल्या विजेचे बिल किती होते आणि बिलापैकी वसुली किती होते? वाहिनीवाहिनीवर मीटर बसवून हा ताळा घ्यावा, असा त्यांचा आग्रह होता.

या आग्रहाचे मर्म शेतकऱ्याइतके कोणाला कळणार? आपल्याकडील असंख्य शेतीपंपांना मीटर नव्हते. आकारणी अश्वशक्तीवर होई. ज्या विजेचा हिशेब लागत नसे, ती शेतीच्या खात्यावर टाकणे सोयीचे होते. राज्य वीज नियामक आयोगाने २००० मध्ये आकडे तपासले, तेव्हा पूर्वी १८ टक्क्यांच्या आसपास दाखविली जाणारी गळती ३० टक्क्यांच्या पुढे निघाली. म्हणजे विहिरीपर्यंत कधी पोहोचलीच नाही, अशी वीज शेतकऱ्याच्या नावावर लिहिली जात होती, आणि वर दोषही त्यालाच दिला जात होता.

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये प्रभूंच्याच कारकीर्दीत झाला. वीज विधेयकही त्याच वर्षी लोकसभेत आले. परंतु ते २००३ मध्ये कायद्यात उतरले, तेव्हा प्रभू पदावर नव्हते. पक्षाच्या आदेशावरून त्यांनी ऑगस्ट २००२ मध्येच राजीनामा दिला होता. कार्यक्षम मंत्र्याला असे मध्येच उठविणे मला तरी अयोग्य वाटते.

नोव्हेंबर २०१४ मध्ये ते रेल्वेमंत्री झाले. फेब्रुवारी २०१५ च्या अर्थसंकल्पात त्यांनी एकाही नव्या गाडीची घोषणा केली नाही. पूर्णा-अकोला मार्गाच्या रुंदीकरणासाठी २००८ पर्यंत वाट पाहिलेल्या आपल्यासारख्यांना हे रुचणे कठीणच होते! परंतु हाती घेतलेले मार्ग अपुरे असताना नव्या घोषणा करणे म्हणजे तिजोरीत नसलेला पैसा वाटणे होय, ही त्यांची भूमिका शुद्ध हिशेबाची होती. १९२४ पासून वेगळा चालत आलेला रेल्वे अर्थसंकल्प २०१७ मध्ये सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन झाला, त्यालाही त्यांची संमती होती.

येथेच त्यांची खरी कसोटी लागली. रूळ झिजतात, पूल जुने होतात. त्यासाठी दरवर्षी बाजूस काढावयाच्या रकमेस घसारा म्हणतात. रोकड वहीत हा खर्च दिसत नाही, म्हणून तंगीच्या काळी पहिली कात्री त्यालाच लागते. रेल्वेत हे वर्षानुवर्षे होत आले होते. २०१६-१७ मध्ये शंभर रुपये मिळविण्यास रेल्वेला ९६ रुपयांहून अधिक खर्च येत होता. मग नूतनीकरणास उरणार काय? नोव्हेंबर २०१६ मध्ये कानपूरजवळ पुखरायाँ येथे इंदूर-पाटणा गाडी घसरून सुमारे १५० माणसे मेली. त्यानंतरच्या अर्थसंकल्पात एक लाख कोटींचा रेल्वे संरक्षा कोष जाहीर झाला. ऑगस्ट २०१७ मध्ये खतौली व औरैया येथे पुन्हा अपघात झाले. प्रभूंनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा देऊ केला आणि सप्टेंबरमध्ये त्यांचे खाते बदलले. घसाऱ्याचा अर्थ जाणणाऱ्या मंत्र्यालाही मागील अनेक वर्षांची थकबाकी तीन वर्षांत फेडता आली नाही.

आता आपल्या नळपाणी योजनेकडे वळू. मोटार, स्टार्टर, जलवाहिनी, टाकी यांचे आयुष्य कोणत्या वहीत लिहिले आहे? वीजबिल थकले की पुरवठा तुटतो, म्हणून ते सर्वांना ठाऊक असते. मोटार जळेपर्यंत मोटारीची आठवण मात्र कोणास होत नाही, आणि मग ऐन मार्चमध्ये वर्गणी काढावी लागते. येथे उपस्थित ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी गेल्या पाच वर्षांत आपल्या गावची मोटार कितीदा जळाली, दुरुस्तीस काय लागले आणि ती रक्कम कोणत्या शीर्षातून दिली, एवढे लिहून आणावे. शिक्षक मित्रांनी सातवीच्या मुलांकडून त्याची बेरीज करून घ्यावी. पुढील बैठकीत त्या आकड्यांवरच बोलू.