ड्रोन दारूगोळ्याच्या खात्यात लिहा



परिषदेच्या अध्यक्षाने वर्षभराचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. तो आढावा स्मरणिकेत छापलेला आहे, तो पुन्हा वाचून तुमचा वेळ घेणार नाही. मला आज एकाच प्रश्नावर बोलायचं आहे. पंचवीस किलोच्या आतला ड्रोन सैन्याने कोणत्या खात्यात लिहावा?

प्रश्न कारकुनी वाटेल, पण ड्रोन किती दिवसांत हाती येणार, तो कोण उडवणार आणि उडवणाऱ्याचा हात किती बसलेला असणार, हे सगळं त्या एका नोंदीवर ठरतं.

आपल्याकडे सैन्याच्या खरेदीचे दोन रस्ते आहेत. विमान, रणगाडा, रडार ही भांडवली मालमत्ता. ती डीएपीप्रमाणे, म्हणजे संरक्षण संपादन प्रक्रियेप्रमाणे, घेतली जाते. आधी गुणवत्तेच्या अपेक्षांचा मसुदा, मग गरजेची मान्यता, मग प्रस्तावांची मागणी म्हणजे आरएफपी, कागदांची तांत्रिक छाननी, मैदानी चाचण्या, सगळ्यात कमी बोलीवाला म्हणजे एल-१ ठरवणं, त्याच्याशी वाटाघाटी, आणि सगळ्यात शेवटी करार. दुसरा रस्ता महसुली खर्चाचा. दारूगोळा, सुटे भाग, इंधन त्या वाटेने येतं. त्यासाठी वेगळी नियमावली आहे आणि तिची नवी आवृत्ती १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पहिल्या रस्त्याने आलेली वस्तू वर्षानुवर्षं टिकावी अशी अपेक्षा असते. दुसऱ्या रस्त्याने आलेली वस्तू वापरून संपावी, हेच तिचं काम.

लहान ड्रोनकडे आपण बहुतेक वेळा भांडवली मालमत्तेच्या नजरेनेच पाहत आलो. त्याला क्रमांक, चार्ज लेजरवर नोंद, कुणाच्या तरी सहीने ताबा. सराव करताना तो झाडात अडकला, दरीत गेला, की चौकशी, जबाब, नुकसानीचं विवरण आणि राइट ऑफसाठी वरपर्यंत कागद. आता पायदळातल्या एखाद्या कंपनीच्या कमांडरच्या जागी स्वतःला ठेवा. त्याच्याकडे दोन ड्रोन आहेत, पुढच्या महिन्यात तपासणी आहे. तो काय करील? पेटीला कुलूप लावील. त्याला दोष देता येणार नाही, कारण आपण लिहिलेल्या नियमाला तो शहाण्यासारखं उत्तर देतो आहे.

हे कुलूप काय करतं ते मी जवळून पाहिलं आहे. नोकरीचा मोठा काळ मी साहित्य-खरेदीच्या बाजूला होतो. एका भांडारात ड्रोनच्या पेट्या नीट रचलेल्या होत्या, सील शाबूत होतं, मोजणी बरोबर होती. एक पेटी उघडली तर आतल्या लिथियम पॉलिमर बॅटऱ्या उशीसारख्या फुगलेल्या. तुम्हाला कारण सांगायला नको. सेलमागे ४.२ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, आणि ठेवून द्यायची बॅटरी साधारण ३.८ वर आणून ठेवायची असते. भांडारपालाच्या तक्त्यात बॅटऱ्यांच्या संख्येचा रकाना होता, व्होल्टेजचा नव्हता. त्याने जे मोजायला सांगितलं होतं ते चोख मोजलं. न उडवता जपून ठेवलेला तो ड्रोन उडण्याआधीच निकामी झाला होता.

युद्धभूमीचा हिशेब मात्र फार निराळा आहे. ब्रिटनमधल्या रुसी या संरक्षण अभ्याससंस्थेने मे २०२३ मध्ये अंदाज दिला होता की युक्रेन महिन्याला सुमारे १०,००० ड्रोन गमावत आहे. त्यातले बरेच तोफगोळ्याने पडलेले नव्हते. जॅमिंगने संपर्क तुटला, दिशा चुकली, बॅटरी संपली. ज्या देशाचे ड्रोन या वेगाने जातात, त्याला प्रत्येकामागे चौकशी बसवणं शक्यच नाही. युक्रेनने फेब्रुवारी २०२४ मध्ये मानवरहित यंत्रणांचं स्वतंत्र दल उभारण्याचा निर्णय घेतला आणि ब्रेव्ह-१ या सरकारी व्यासपीठाच्या ऑनलाइन बाजारातून तुकड्यांना स्वतःच ड्रोन निवडण्याची मुभा दिली. पुष्टी झालेल्या कामगिरीवर गुण मिळतात, त्या गुणांवर ड्रोन घेता येतात. शत्रूच्या जीविताला गुण लावणं हे ऐकायला कठोर आहे, मलाही ते अस्वस्थ करतं. पण कोणता ड्रोन चांगला हे चाचणी-समितीऐवजी वापरणारा ठरवतो, ही त्यातली बाब आपण शांतपणे अभ्यासली पाहिजे.

अमेरिकेचं उदाहरण मला अधिक उपयोगी वाटतं, कारण त्यांचं नियमांचं जंगल आपल्याइतकंच दाट होतं. त्यांचे संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांनी १० जुलै २०२५ रोजी एक आदेश काढला. त्यांच्या गट १ आणि २ मधले ड्रोन, म्हणजे ५५ पौंडांपर्यंतचे, आपल्या मापाने सुमारे २५ किलोपर्यंतचे, टिकाऊ मालमत्ता न मानता वापरून संपणारं साहित्य मानायचे. हे ड्रोन विमानापेक्षा दारूगोळ्याला जवळचे आहेत, असं त्या आदेशाचं स्पष्ट म्हणणं आहे. कर्नलच्या दर्जाच्या कमांडरला ते घेण्याचे आणि तपासून पाहण्याचे अधिकार दिले. त्यांच्या २०२६ च्या आर्थिक वर्षाअखेर प्रत्येक स्क्वॉडकडे स्वस्त ड्रोन असावेत असं उद्दिष्ट ठेवलं. सरावासाठी मोकळ्या जागा राखायला सांगितल्या आणि दोन तुकड्यांच्या आपसांतल्या लढाऊ सरावात ड्रोन आणायला सांगितले. खरेदी आणि प्रशिक्षण एकाच कागदावर आलं, ही मला त्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते. प्रत्यक्षात किती उतरेल ते कळायला वेळ लागेल, आणि तिथलं सगळं आपण उचलावं असंही नाही.

आपल्याकडे काहीच होत नाही, असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. २६ जुलै २०२५ ला द्रासमध्ये लष्करप्रमुख जनरल उपेंद्र द्विवेदी यांनी पायदळाच्या बटालियनमध्ये ड्रोन प्लाटून देण्याची घोषणा केली. पुढे काही महिन्यांतच ३८० बटालियनमध्ये ‘अश्नी’ प्लाटून उभ्या राहिल्याचं पायदळाच्या महासंचालकांनी सांगितलं. ऑपरेशन सिंदूरनंतर जून २०२५ मध्ये १,९८१.९० कोटी रुपयांचे १३ करार आपत्कालीन तरतुदीतून झाले, त्यांत लहान ड्रोन आणि घिरट्या घालणारे बॉम्बही होते. नागपूरच्या नागास्त्र-१ या घिरट्या घालणाऱ्या बॉम्बची मागणीही आपत्कालीन अधिकारातूनच आली होती, ४८० ची, आणि त्यातले पहिले १२० सैन्याला २०२४ मध्ये मिळाले.

याच ठिकाणी माझी खरी तक्रार आहे. वेगाने खरेदी करायची झाली की आपल्याला संकटाची वाट पाहावी लागते. उरी, बालाकोट, गलवान, सिंदूर: प्रत्येक वेळी आपत्कालीन खरेदीची खिडकी उघडते आणि मुदत संपली की बंद होते. नवी मुंबईतली, पुण्यातली, नागपुरातली लहान कंपनी त्या खिडकीवर आपला कारखाना कसा चालवणार? एक मोठी मागणी येते, माणसं घेतली जातात, साचे बनतात, मग शांतता. वित्तीय अधिकार खाली दिलेले आहेत. आर्मी कमांडरचे विशेष अधिकार आहेत, २०२१ मध्ये ते वाढवलेही गेले. पण वस्तूची जातच ‘मालमत्ता’ राहिली तर अधिकार असलेला माणूसही सही करताना हात आखडता घेतो. दारूगोळ्याची मागणी दरवर्षी येते, कारण दरवर्षी सरावात तो उडवून संपतो. ड्रोनचं तसं झालं तर उत्पादकालाही वर्षाचा अंदाज येईल.

चाचण्यांबद्दल उत्पादकांचं दुःख मला ठाऊक आहे. ‘नो कॉस्ट, नो कमिटमेंट’ म्हणजे सामान तुमचं, प्रवास तुमचा, जोखीम तुमची. दहा जणांची कंपनी लडाखला दोन तंत्रज्ञ पाठवते. विरळ हवेत पंख्यांना जास्त फेरे घ्यावे लागतात, थंडीत बॅटरीचा दाब खाली बसतो, म्हणून पोरं बॅटऱ्या जॅकेटच्या आत छातीशी धरून पहाटेची वाट बघतात. आणि एका फेरीत वाऱ्याने ड्रोन आपटला की नाव कटलं. लाखमोलाच्या विमानाला हा कस योग्य आहे. जो ड्रोन काही उड्डाणांनंतर जाणारच आहे, त्याची एक प्रत आपटली हा निकष होऊ शकत नाही. वीस घ्या, जवानांच्या हातात द्या, महिन्याने किती काम झालं ते मोजा.

स्वस्त म्हणजे काहीही चालेल, असं मात्र कुणी ऐकू नये. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, संशोधन आणि संरक्षणाचा अपवाद सोडून. सुट्या भागांची आयात मात्र खुली राहिली. परिणाम आपण पाहिला. चिनी भाग आढळल्याच्या कारणावरून ४०० ड्रोनचे करार, २३० कोटींच्या वरचे, रद्द झाल्याच्या बातम्या २०२५ च्या सुरुवातीला आल्या. ते ड्रोन जाणार होते चीनच्याच सीमेवर. ज्या ड्रोनचा फ्लाइट कंट्रोलर आणि रेडिओ कुणाचं ऐकतात हे आपल्याला ठाऊक नाही, तो जवानाच्या हातात देणं हा त्या जवानाशी द्रोह आहे. या सभागृहात कुणी फक्त स्टिकर बदलत असेल तर त्याने या परिषदेचं सदस्यत्व स्वतःहून सोडावं. सैन्याकडून माझी अपेक्षा अशी की मंजुरी ड्रोनला न देता भागांना द्यावी: हा कंट्रोलर चालेल, हा मोटर-संच चालेल, हा व्हिडिओ ट्रान्समीटर चालेल. मग त्या भागांतून नवा ड्रोन बांधायला पुन्हा पहिल्या पायरीवर जावं लागणार नाही.

आता उडवणाऱ्याकडे येतो. २०२१ चे ड्रोन नियम नौदल, लष्कर आणि वायुदलाला लागू नाहीत. त्यामुळे ऑपरेटर कुणाला म्हणायचं हे सैन्याने स्वतः ठरवायचं आहे. नागरी प्रमाणपत्र दहा वर्षं चालतं. पिकावर फवारणी करणाऱ्याला ते ठीक आहे. गॉगल लावून एफपीव्ही ड्रोन खिडकीतून आत नेणाऱ्या जवानाचा हात एका महिन्याच्या खंडाने बिघडतो. त्याची पात्रता शेवटच्या तीस दिवसांत किती उडवलं यावरच ठरली पाहिजे. आधी सिम्युलेटर, मग स्वस्त सांगाडा, मग खरा. पोहायला शिकताना नाकातोंडात पाणी जातं तसं या शिक्षणात पंखे तुटणारच, आणि तुटलेल्या पंख्यांची गोणी हा प्रशिक्षकाच्या कामाचा पुरावा मानावा. नागास्त्राला लक्ष्य सापडलं नाही तर पॅराशूटवर उतरवता येतं. ही सोय सरावासाठी पुन्हापुन्हा वापरली गेली पाहिजे.

आणि उडवता येणं हे अर्धंच शिक्षण. मोटर उलटी फिरते आहे, तर तिच्या तीन तारांपैकी कुठल्याही दोन अदलाबदल करायच्या, हे ज्याला हाताने करता येतं, बॅटरीचा एक्सटी-६० कनेक्टर नीट झाळता येतो, त्याचा ड्रोन संध्याकाळी पुन्हा हवेत असतो. ज्याला येत नाही त्याचा ड्रोन कार्यशाळेच्या रांगेत पडतो. ही कौशल्यं देवळालीच्या आणि नाशिकच्या लष्करी शाळांपासून बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रापर्यंत रोजच्या वेळापत्रकात यावीत. शिकवण्याची पुस्तिका जवान ज्या भाषेत विचार करतो त्या भाषेत असावी. तयार झालेल्या ऑपरेटरला बदलीत दुसऱ्याच कामाला जुंपू नये, त्याची उड्डाणांची वही त्याच्याबरोबर जावी.

सरावाला जागा हवी, आणि तिथे जॅमिंगही हवं. २३ ऑगस्ट २०२४ ला सरावावर असलेला आपला एक लहान ड्रोन तांत्रिक बिघाडाने भिंबर गलीसमोर नियंत्रणरेषेपलीकडे गेला. सीमेच्या जवळ शिकायची वेळ येऊ नये यासाठी मागे, महाराष्ट्रासारख्या राज्यात, फ्रिक्वेन्सी मोकळी असलेली मैदानं लागतील. अहिल्यानगरच्या के. के. रेंज या लष्करी सराव-मैदानाचा विचार त्यासाठी पहिला व्हावा असं मला वाटतं.

संरक्षण मंत्रालयाला पाठवायच्या निवेदनाचा मसुदा तयार आहे. त्यात तीन मागण्या आहेत. २५ किलोच्या आतले ड्रोन महसुली, वापरून संपणारं साहित्य मानावेत. सरावातल्या नुकसानीसाठी प्रत्येक बटालियनला वार्षिक मर्यादा द्यावी आणि तिच्या आत चौकशी बसवू नये. मंजूर भागांची यादी दर तीन महिन्यांनी प्रसिद्ध करावी. मर्यादेचा आकडा आम्ही मुद्दाम मोकळा ठेवला आहे. तो या सभागृहातल्या माजी कमांडरांनी आणि प्रशिक्षकांनी ठरवायचा आहे. प्रती दाराजवळच्या टेबलावर आहेत. दुपारच्या सत्राआधी आपापला आकडा आणि त्याचं कारण समासात लिहून कार्यवाहांकडे द्या.