आधी मोजा, मग फवारा



अकोल्याच्या कृषि विद्यापीठाचं नाव आपण सारेच ऐकतो. पण तिथलं ज्ञान आपल्या वावरात कसं उतरवायचं, ते आज पाहू.

विदर्भाला स्वतःचं कृषि विद्यापीठ हवं म्हणून १९६७ साली आंदोलन झालं. त्यात माणसं प्राणाला मुकली. २० ऑक्टोबर १९६९ रोजी विद्यापीठाची स्थापना झाली आणि विदर्भाचेच सुपुत्र, देशाचे माजी कृषिमंत्री डॉ. पंजाबराव देशमुख यांचं नाव त्याला मिळालं. तिथून कपाशीचे वाण निघाले: देशीत ए.के.ए. ८४०१, अमेरिकनमध्ये पीकेव्ही हायब्रीड-२ आणि पीकेव्ही रजत. नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ साली उभी राहिली. आपल्या यवतमाळलाही विद्यापीठाचं विभागीय कृषि संशोधन केंद्र आहे.

२००२ साली बीटी कपाशी आली. पुढे गुलाबी बोंडअळी तिलाही जुमानेनाशी झाली. २०१७ च्या हंगामात पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली आणि फवारणीवर फवारणी झाली. त्या विषबाधेनं आपल्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी, शेतमजूर दगावले. ही गोष्ट विसरून चालणार नाही.

म्हणून शास्त्रज्ञांचं सांगणं एकच: आधी मोजा, मग फवारा.

पेरणीनंतर दीड महिन्यानं एकरी दोन कामगंध सापळे लावा. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, तर उपाय करायची वेळ झाली असं समजा. दुसरी खूण बोंडात दिसते. आठवड्यातून एकदा वावरात फिरून वेगवेगळ्या झाडांची वीस हिरवी बोंडं तोडा, फोडून पाहा. दोन किंवा जास्त बोंडं किडकी निघाली, तरच औषध घ्या. एवढी कीड नसेल तर पंप घरीच राहू द्या. पैसा वाचेल, जीवही वाचेल. डोमकळ्या दिसल्या की तोडून नष्ट करा.

फवारायचंच झालं तर दोन-तीन औषधं मनानं एकत्र करू नका. वाऱ्याच्या उलट दिशेनं चालू नका. अंगभर कपडे, हातमोजे, चष्मा आणि नाकातोंडाला मास्क हवाच. काम चालू असताना बिडी-तंबाखू नको. मजुरालाही हे सारं द्या, त्याच्याही घरी लेकरं आहेत. चक्कर, मळमळ किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर काम थांबवा. औषधाचा डबा बरोबर घेऊन लगेच दवाखाना गाठा.

आणखी एक. फरदडीचा मोह सोडा. डिसेंबरअखेर वेचणी उरकून पऱ्हाट्या उपटा. बोंडअळीला खायला मिळालं नाही, तर पुढच्या हंगामात ती कमी येईल.

अडचण आली तर दुकानदाराच्या आधी कृषि विज्ञान केंद्रात किंवा संशोधन केंद्रात जा. किडकं बोंड सोबत न्या. विदर्भानं मोठ्या कष्टानं मिळवलेलं हे विद्यापीठ आपलंच आहे. तिथं विचारायला संकोच कसला?