पानथरीचा आजार आणि मी
(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी आरोग्य शिबिरात एका सभासदाने केलेले भाषण)



मी काही डॉक्टर नाही. पण सेक्रेटरी म्हणाले, "काका, तुमचा अनुभव सांगा, चार जणांना उपयोग होईल." म्हणून उभा आहे.

तीन वर्षांपूर्वी लिफ्ट बंद होती. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढताना मला दोनदा टेकावं लागलं. त्या दिवसांत चार घास खाल्ले की पोट भरायचं, डाव्या बरगडीखाली जड वाटायचं. मी सहा महिने ॲसिडिटीच्या गोळ्या खात राहिलो. चूक माझीच. शेवटी हिने डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट चाचपलं आणि म्हणाले, "पानथरी वाढली आहे."

पानथरी म्हणजे प्लीहा. जुन्या लाल पेशी मोडीत काढणं आणि जंतूंशी लढणं हे तिचं काम. मलेरियात, यकृताच्या आजारातही ती वाढते. त्या तपासण्यांत काही सापडलं नाही. हिमोग्लोबिन, प्लेटलेट मात्र कमी आणि लिम्फोसाइट जास्त. मग रक्ताची फ्लो सायटोमेट्री झाली, कमरेच्या हाडातून मज्जा काढून तपासली. निदान झालं : स्प्लेनिक मार्जिनल झोन लिम्फोमा. शंभर लिम्फोमांत असे जेमतेम एक-दोन.

दोन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. डॉक्टरांनी समजावलं, "हा सहसा हळू चालणारा कॅन्सर. त्रास नसेल तर आम्ही नुसती नजर ठेवतो." काहींना सोबत हिपॅटायटिस सी असतो, त्यावर औषध दिलं की लिम्फोमाही ओसरू शकतो. माझ्यात तो नव्हता आणि रक्त कमी होत चाललं होतं, म्हणून उपचार ठरले. पूर्वी पानथरी काढण्यावरच भर असे. आता बऱ्याचदा सलाईनमधून रिटुक्सिमॅब देतात. त्याआधी हिपॅटायटिस बी तपासतात, कारण दबलेला विषाणू या औषधाने उसळू शकतो. आठवड्याला एक असे मी चार डोस घेतले. पानथरी आक्रसली, हिमोग्लोबिन चढलं. आजार परतू शकतो, म्हणून तपासण्या चालूच आहेत.

ज्यांची पानथरी काढायची असेल त्यांनी न्यूमोकोकस वगैरेच्या लसी शक्यतो दोन आठवडे आधी घ्याव्यात. नंतर कधीही ताप आला तर गोळी घेऊन घरी झोपू नये, लगेच दवाखाना गाठावा.

परवा लिफ्ट पुन्हा बंद होती. तिसरा मजला एका दमात चढलो. सेक्रेटरीसाहेब, म्हणून लिफ्टची दुरुस्ती लांबवू नका! आणि तुम्ही सगळे, दम लागला तर माझ्यासारखे सहा महिने घालवू नका.