धूळ, मनी आणि आमचा छंद



अमरावतीकरांपुढे धुळीवर बोलणे म्हणजे नागपूरकरांना संत्र्याची ओळख करून देणे! तरीही हा विषय आम्ही घेतला, कारण त्यापायी आमचे घर मोडायची पाळी आली होती.

फाटकी पुस्तके रद्दीतून आणून खळीने सांधावी, हा आमचा रविवारचा उद्योग. मांडीशी मनी मांजर. एका वर्षी शिंका सुरू झाल्या आणि पुढे रात्री छाती वाजू लागली. घरच्या न्यायासनाने निकाल दिला : पुस्तके रद्दीत, मनी रस्त्यावर! आम्ही डॉक्टरांकडे अपील केले.

त्यांनी विचारले, “शिंका केव्हा येतात?” पुस्तके झटकताना येत, हे खरे; पण सर्वांत जास्त पहाटे, अंथरुणात! त्वचेवर टोचून केलेल्या चाचणीत मनीबरोबर गादीही आरोपी ठरली.

‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द 1906 साली व्हिएन्नाच्या फॉन पिर्के या डॉक्टरांनी घडवला. निरुपद्रवी पाहुण्याला शरीर चोर समजून दंगा करते, तीच ही अ‍ॅलर्जी. गादीत नुसत्या डोळ्यांना न दिसणारा आठ पायांचा किडा असतो. आपल्या कातडीचे गळलेले कण हे त्याचे अन्न, आणि हवेतील ओलावा हे त्याचे पाणी. त्याची विष्ठा आपल्याला बाधते. मांजराचा दोष मुळात केसांचा नव्हे. तिच्या लाळेतील व त्वचेतील एका प्रथिनाचा. ते वाळून हवेत तरंगते. मनीला घालवले असते, तरी ते काही महिने घरात राहिलेच असते.

मग आम्ही तह केला. मनीला झोपायच्या खोलीत मज्जाव. चादरी कढत पाण्यात. गाद्या वैशाखाच्या उन्हात, नंतर अंगणातच झोडपायच्या. आजी हेच करीत असे. ओलावा वाढवणारा कूलर त्या खोलीतून हलवला. पुस्तके झटकायची नाहीत. ओसरीवर किंचित ओलसर फडक्याने पुसायची, नाकावर घट्ट बसणारा मास्क लावून. रुमालातून बारीक धूळ आत जातेच. काम संपले की कपडे बदलायचे. बुरशी लागलेले पुस्तक मात्र कितीही दुर्मिळ असो, घरी आणायचे नाही. एवढा त्याग आम्हांला जड गेला.

आणखी एक. “पंपाची सवय लागते” म्हणून आम्ही तो महिनाभर कपाटात ठेवला होता. हा शुद्ध गैरसमज! पंपातले औषध अल्प प्रमाणात थेट श्वासनलिकेत पोचते. डॉक्टरांनी सांगितले असेल तर ते मनाने बंद करू नये. आणि धाप लागून एक वाक्यही पुरे होईना, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे.

शिंका अजूनही येतात. पण रात्री झोप लागते, रविवारी पुस्तक शिवले जाते, आणि मनी दाराबाहेर रुसून बसते. बाहेर ऊन फुकट आहे. उद्या गाद्या काढा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.